चाळिसावा कुठंय?

कल्पना करा, मे महिन्यातली संध्याकाळ आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, एका छोट्या गावाबाहेर तुमचं उन्हाळी शिबिर लागलंय. दिवसभर नुसती धमाल! तळ्यात डुंबून झालं, दोरीवर चढून झालं, करवंदं खाऊन तोंडं काळी झाली. आता सगळे मैदानात गोल करून उभे आहेत आणि हजेरी चालली आहे. "एक!" "दोन!" "तीन!" आकडे भराभर पुढे सरकतात. "अडतीस!" "एकोणचाळीस!" आणि मग एकदम शांतता.

"चाळीस" कुणी म्हणतच नाही.

आता काय होईल? तुम्हाला वाटेल, सगळे ताई-दादा "अरे, गेला कुठे?" असं ओरडत चहूकडे धावत सुटतील. पण चांगल्या शिबिरात तसं होत नाही. शिबिरप्रमुख तीन वेळा लांब शिट्टी वाजवतात. एक ताई उरलेल्या एकोणचाळीस जणांना जागच्या जागी बसवून घेते. तिने तिथून हलायचंच नाही. शोधाशोधीच्या गडबडीत आणखी दोघं हरवली तर काय घ्या! दोन दादा तडक तळ्याकडे पळतात. एक जण तंबू पाहतो, एक जण संडास-न्हाणीघर, एक जण स्वयंपाकघर आणि रस्ता. "मी कुठे जाऊ?" असं कुणीही कुणाला विचारत नाही. ज्याचं काम त्याला ठाऊक असतं.

आणि आधी तळ्याकडेच का बरं? विचार करा. मुलगा तंबूत झोपला असेल तर तो दहा मिनिटांनी सापडला तरी बिघडत नाही. पण तो पाण्यात असेल तर? श्वास बंद पडला की मेंदूला प्राणवायू मिळत नाही, आणि चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणून जिथे वेळ सगळ्यात कमी, तिथे आधी पाहायचं.

आपले चाळीस नंबरचे साहेब सापडले, तंबूत! विजेरी आणायला म्हणून गेले, वळकटीला टेकले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. सगळे पोट धरधरून हसले. तळ्यावरून घामाघूम होऊन परत आलेले दोन दादा मात्र काही वेळ हसले नाहीत.

मित्रांनो, ही झाली कल्पना. पण त्या काही मिनिटांत सगळं इतकं सुरळीत झालं, त्यामागे कितीतरी दिवसांची तयारी असते. शिबिरात मजा करणाऱ्या मुलांना ती दिसत नाही. आज तीच पाहू या.

शिबिराआधीचं शिबिर

शिबिर भरण्याआधी दोघं-तिघं जण ती जागा पाहून येतात. नुसता निसर्ग नव्हे हं! विहिरीला कठडा आहे का? कड्यावर किंवा मोठ्या झाडावर आग्या मोहोळ आहे का? मोबाइलला रेंज नेमकी कुठे उभं राहिल्यावर मिळते? जवळचं ग्रामीण रुग्णालय किती दूर आहे, तिथे रात्री डॉक्टर असतात का, सर्पदंशावरची लस आहे का? हे फोनवर विचारून भागत नाही, तिथे जाऊन यावं लागतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारायचं, "आजोबा, पाऊस झाला की ओढ्याचं पाणी कुठवर येतं?" आजोबा बोट दाखवतील त्याच्या पुष्कळ वर तंबू लावायचे.

आणखी एक प्रश्न कधीच विसरायचा नाही : या नदीवर वरच्या बाजूला धरण आहे का? ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात, मंडी जिल्ह्यात, हैदराबादहून सहलीला गेलेले विद्यार्थी बियास नदीच्या पात्रात उतरले होते. पाणी थोडंसंच होतं आणि मुलं खडकांवर उभी राहून फोटो काढत होती. तेवढ्यात वरच्या लारजी धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि बघता बघता २४ विद्यार्थी वाहून गेले. तिथे पाऊस नव्हता, वादळ नव्हतं. कोरडं दिसणारं पात्रही एकाएकी भरू शकतं, हे नवख्या माणसाला कळत नाही. म्हणून ते आधीच विचारून ठेवायचं असतं.

मग येतात कागद. कुणाला दमा आहे, कुणाला फिट येते, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण कोणतं औषध घेतं, या सगळ्याची यादी होते. त्या यादीची एक प्रत प्रमुखांकडे आणि दुसरी प्रथमोपचाराच्या पेटीत. एकच प्रत असली आणि ती नेमकी कुणाच्या तरी सॅकमध्ये राहिली तर? मुक्कामाच्या गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायचं आणि किल्ली ठरलेल्या खिळ्यावरच टांगायची. ऐनवेळी किल्ली शोधण्यात पाच मिनिटं जातात, आणि ती पाच मिनिटं पुन्हा मिळत नाहीत.

शेवटी होते तालीम. नाटकाची होते ना, तशीच! रात्री अचानक शिट्टी वाजते, "समजा, स्वयंपाकघरात आग लागली!" मग कोण गॅस बंद करणार, कोण वाळूची बादली आणणार, कोण मुलांना बाहेर काढणार आणि कोण मोजणार, हे प्रत्यक्ष करून पाहायचं. पहिल्या वेळी हमखास गोंधळ होतो. दोघं एकच बादली ओढतात आणि मोजायला कुणी उरतच नाही! पण तो गोंधळ तालमीत झालेला बरा.

जागा राहणारा एक जण

रात्री तुम्ही गाढ झोपता तेव्हा एक ताई किंवा दादा पाळीने जागत असतो. "एवढं काय होणार आहे?" असं तुम्हाला वाटेल. मग ही खरी हकिगत ऐका.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ग्वाडालूप नावाची नदी आहे. तिच्या काठी मुलांची अनेक शिबिरं भरतात. ४ जुलै २०२५ च्या पहाटे तिथे प्रचंड पाऊस झाला आणि पाऊण तासात नदी सुमारे २६ फूट चढली. काठावरच्या मुलींच्या एका शिबिरात २७ मुली आणि कार्यकर्त्या मरण पावल्या. त्याच नदीकाठी 'मो-रँच' नावाचं दुसरं शिबिरस्थळ आहे. तिथला देखभाल पाहणारा एक कर्मचारी रात्री एकच्या सुमारास जागा होता. नदी वाढते आहे हे त्याने पाहिलं आणि आपल्या वरिष्ठांना कळवलं. बाहेरून कुणी इशारा देईल याची वाट न पाहता त्यांनी नदीजवळच्या इमारतीत झोपलेल्या सुमारे ७० जणांना उठवून उंचावर नेलं. तिथे एकही जीव गेला नाही.

त्या माणसाने काही पराक्रम केला का? पुरात उडी मारली नाही की दोराला लोंबकळला नाही. तो जागा होता, त्याने पाहिलं आणि लगेच सांगितलं. संकटात विचार करायला वेळ नसतो. म्हणून विचार आधी करून ठेवायचा, आणि वेळ आली की फक्त ठरलेलं करायचं.

साप आणि वीज

आपल्याकडे मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावली तर कित्येकदा कळतही नाही, इतका तो दंश बारीक असतो. म्हणून शिबिरात मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायला सांगतात. ती नुसती डासांसाठी नसते! साप चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळपट्टी बांधायची नाही आणि सापाच्या मागेही धावायचं नाही. अंगठी, घड्याळ, कडं काढायचं. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही. आणि सरळ रुग्णालय गाठायचं. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ जिवावर बेततो.

मे महिन्यातच दुपारनंतर वळीव येतो. ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ अर्धवट टाकून पक्क्या इमारतीत जायचं. तंबू आणि झाड ही आसऱ्याची जागा नव्हे. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचं. तोवर दादा मैदानात सोडत नाहीत म्हणून रुसायचं नाही.

आणि तुमचं काम?

तुम्हाला वाटेल, हे सगळं ताई-दादांचं काम. छे! अर्धं काम तुमचंच आहे. शिबिरात प्रत्येकाला एक जोडीदार देतात. तो कुठे आहे हे तुम्हाला सतत माहीत हवं. तंबूत जायचं असेल तरी सांगून जा. पाण्यात कुणी गटांगळ्या खात असेल तर स्वतः उडी मारू नका. ओरडा, आणि काठावरूनच लांब काठी, दोर किंवा रिकामा बंद कॅन त्याच्याकडे टाका. वाट चुकलात तर चालत सुटू नका. एका जागी थांबा आणि थोड्या थोड्या वेळाने तीन शिट्ट्या वाजवा. शोधणाऱ्याला थांबलेला मुलगा लवकर सापडतो.

आणखी एक. एखाद्या मोठ्या माणसाच्या वागण्याची भीती वाटली, कुणी नको तसा हात लावला, तर तेसुद्धा संकटच आहे. त्यात तुमची काहीही चूक नसते. विश्वासाच्या दुसऱ्या मोठ्या माणसाला लगेच सांगा, आणि कुणी ऐकत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर लक्षात ठेवा.

चौकट : आईबाबांसाठी

शिबिराचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना एवढं जरूर विचारा :

- जागा स्वतः पाहून आलात का? जवळचं रुग्णालय कोणतं, आणि तिथवर जायला किती वेळ लागतो?
- प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेले किती जण मुक्कामी असतील? रात्री गाडी आणि चालक तिथेच असेल का?
- दिवसातून किती वेळा मुलं मोजता? रात्री कोण जागतं?
- प्रस्तरारोहणासारखे साहसी प्रकार असतील तर शासनाकडे नोंदणी केली आहे का? महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे.

चांगला आयोजक या प्रश्नांना कंटाळत नाही. उलट खूश होतो. आणि तुम्हीही मुलाचा दमा, फिट, ऍलर्जी यांपैकी काही लपवू नका. "सांगितलं तर नेणार नाहीत" या भीतीने कोरा सोडलेला रकाना रात्री दोन वाजता फार महागात पडतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२, हे दोन नंबर मुलांकडून पाठ करून घ्या.

तर मित्रांनो, निघालात ना शिबिराला? तिथे दिवसातून सहा वेळा हजेरी होईल. चौथ्या वेळी तुम्हाला कंटाळा येईल, "पुन्हा काय मोजताय?" असं वाटेल. तेव्हा तळ्याकडे पळत गेलेले ते दोन दादा आठवा. आणि तुमचा आकडा आला की असा खणखणीत ओरडा, की पलीकडच्या डोंगरालाही ऐकू गेला पाहिजे!