मुलीला आर्किटेक्ट करायचे आहे?

आमच्या अंधेरीत ज्या गल्लीत शिरावे त्या गल्लीत हल्ली एखादी जुनी सोसायटी पाडलेली दिसते. ते पाहून पालक माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही विचारतात, “सर, मुलीला आर्किटेक्चरला घालू ना? काम तर ढीगभर आहे!”

काम आहे खरे. पण चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीला सहीचा आर्किटेक्ट एकच पुरतो. त्याच्या कचेरीत मात्र जुन्या खोल्या टेप लावून मोजणारे, नकाशे पुन्हापुन्हा दुरुस्त करणारे, महापालिकेच्या परवानग्यांची फाइल जुळवणारे हात लागतात. पाच वर्षांची पदवी घेतलेल्या मुलांची सुरुवात बहुधा इथेच, बेताच्या पगारावर. (संगणकवाल्या चुलतभावाच्या पगाराशी तुलना होऊन घरात रुसवेफुगवे होतात, ते वेगळेच.)

१९७२ च्या कायद्याप्रमाणे परिषदेत नोंदणी झालेल्यालाच ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येते. पण हे संरक्षण त्या बिरुदाला आहे, कामाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तेव्हा पाटी लावली की गिऱ्हाईक आले, असे नाही.

कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे जे. जे.त शिकले, हार्वर्डला जाऊन आले. तरी परतल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत नोकरीच केली. भागीदारीत स्वतःचे कार्यालय काढले ते १९५५ साली. कानपूरच्या आयआयटीच्या इमारती त्यानंतरच्या.

म्हणून पदवीपुढची चार-पाच वर्षे उमेदवारीची धरावीत. बारावीला गणित सोडू नये. आणि सोसायटीचे मोजमाप निघाले, तर मुलीला टेपचे दुसरे टोक धरायला पाठवा. धूळ, ऊन आणि कार्पेट एरियावरून शेजाऱ्यांची जुंपलेली भांडणे पाहूनही ती हसत घरी आली, तर प्रवेशपरीक्षेचा अर्ज खुशाल भरा.