श्वासाची नोंदवही

आंब्याची कोय लावणाऱ्याला फळासाठी कित्येक वर्षे धीर धरावा लागतो. काही शास्त्रीय प्रश्नही असेच असतात. त्यांचे उत्तर मिळण्यास माणसाचे अर्धे आयुष्य खर्ची पडते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटावर असाच एक प्रश्न हाती घेण्यात आला.

आपल्या फुप्फुसांत हवा नेणाऱ्या श्वासनलिकांना असंख्य बारीक फाटे असतात. दमा उसळला म्हणजे या नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतील अस्तर सुजते आणि हवेची वाट अरुंद होते. औषधाने, क्वचित आपोआपही, ती पुन्हा मोकळी होते. परंतु बहुधा उतारवयात दिसणाऱ्या दुसऱ्या एका जुनाट विकारात ती पुरती मोकळी होतच नाही. जिना चढताना, पुढे तर चार पावले चालतानाही रोग्याला धाप लागते.

या विकाराचे मूळ केव्हा रुजते? पन्नाशीच्या रोग्याला बालपणाविषयी विचारून भागत नाही. सातव्या वर्षी आलेला खोकला कोणाच्या स्मरणात राहणार? म्हणून संशोधकांनी बालपणापासूनच आरंभ केला. १९६८ साली त्यांनी टास्मानियातील शाळांत जाऊन, १९६१ मध्ये जन्मलेल्या ८,५८३ मुलांची पाहणी केली. मुलाला दमा आहे काय, हे त्यांनी पालकांना विचारले. मुलांना खोल श्वास घेऊन तो यंत्रात जोराने फुंकावयास सांगितले. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, यावरून श्वासमार्ग किती मोकळा आहे हे कळते.

ही मुले तुमच्याएवढी, म्हणजे तेरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांचा पुन्हा मागोवा घेण्यात आला. पुढे पंचेचाळिशीच्या सुमारास आणि अखेर त्रेपन्नाव्या वर्षी त्यांच्यापैकी अनेकांचे श्वास पुन्हा मोजले गेले. संशोधकांनी कोणावर औषधाचा प्रयोग केला नाही. त्यांनी केवळ पाहिले, मोजले आणि लिहून ठेवले. एका पिढीने उघडलेली नोंदवही पुढच्या पिढीने चालविली.

२०१८ साली २,४३८ व्यक्तींच्या नोंदींचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वयाबरोबर फुप्फुसांची शक्ती कशी वाढते व घटते, याच्या सहा निरनिराळ्या वाटा दिसून आल्या. त्यांपैकी तीन वाटांवरील लोकांची शक्ती बालपणापासूनच सरासरीहून कमी होती. आणि त्रेपन्नाव्या वर्षी त्या जुनाट विकाराने ग्रासलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक याच तीन वाटांवरचे होते. बालपणीचा दमा, न्यूमोनिया, आईचे धूम्रपान अशी कारणे त्यांच्या नोंदींत पुनःपुन्हा आढळली. मोठेपणी स्वतः धूम्रपान केल्याने ही हानी अधिकच वाढली होती.

याचा अर्थ, दमा असलेल्या प्रत्येक मुलाला पुढे हा विकार जडतोच, असा मात्र नाही. फुप्फुसांची शक्ती तारुण्यापर्यंत वाढते आणि नंतर हळूहळू घटू लागते. बालपणी साठविलेली ही ठेवच उतारवयात उपयोगी पडते. ती धुरापासून जपावी आणि दम्यावर वेळीच उपचार करावेत, हे त्या सात वर्षांच्या मुलांच्या श्वासांनी जगाला शिकविले आहे.