ईमेलचा पहारा – भाग ७ : पाच गुणांची चाळण

गेल्या वर्षी भाद्रपदात एका दिवाळी अंकाच्या कार्यालयातून फोन आला. "सर, जरा येऊन बघता का? कराडचे एक गुरुजी म्हणतात, कथा पाठवून सव्वा महिना झाला, पोच नाही. आमच्याकडे तर काहीच आलेलं नाही."

आलं होतं. सर्व्हरच्या नोंदींमध्ये त्या पत्राची तारीख-वेळ होती आणि तिच्यापुढे दोन आकडे होते, १.८ आणि २.३. गुरुजींनी हाताने लिहिलेली बारा पानं स्कॅन करून पीडीएफ जोडली होती. विषयाची ओळ कोरी आणि खालचा मजकूरही कोरा. विषय नाही म्हणून १.८ गुण, विषयही नाही आणि वाचण्याजोगा मजकूरही नाही म्हणून आणखी २.३. बेरीज ४.१. एवढ्यावर पत्र अडायचं कारण नव्हतं, कारण मर्यादा ५ गुणांची असते. पण जुलैमध्ये जाहिरातींच्या ईमेलचा मारा वाढला, तेव्हा कुणीतरी ती ३.५ वर आणली होती. अडवलेली पत्रं तीस दिवसांनी आपोआप पुसली जातील, अशीही व्यवस्था करून ठेवली होती. त्यात कथा गेली.

मागच्या भागात आपण एसपीएफ आणि डीकेआयएम या ओळख पटवण्याच्या दोन पद्धती पाहिल्या. आज त्यापुढची चाळण. उदाहरण घेतो स्पॅमॲसॅसिनचं. जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये हा प्रोग्राम सुरू केला, २००४ पासून तो अपाची फाउंडेशनकडे आहे. सीपॅनेलवर वेबसाइट आणि ईमेल चालवणाऱ्या लहान संस्थांच्या पत्रांमागे बहुतेक वेळा हाच असतो.

त्याचं काम परीक्षकासारखं आहे. शेकडो नियम आहेत आणि पत्र ज्या नियमात सापडेल त्याचे गुण मिळतात. काही नियम वजा गुणही देतात. शेवटी बेरीज ५ किंवा त्याहून जास्त झाली की पत्रावर 'स्पॅम' असा शिक्का बसतो. हा पाचाचा आकडा कुणी सहज ठरवलेला नाही. खऱ्या आणि नकोशा पत्रांचे मोठे साठे घेऊन, मर्यादा ५ धरून, सगळ्या नियमांचे गुण एकमेकांशी जुळवलेले असतात. म्हणून मर्यादा ३.५ वर आणली की चाळणीचं कापड बारीक होतं असं समजू नका; सगळ्या वजनांचा आपसातला हिशेबच बिघडतो. स्पॅमॲसॅसिनच्या माहितीपत्रकातही म्हटलं आहे की ५ हा आकडा तसा कडकच आहे, एकट्या माणसाच्या खात्याला तो चालेल. अनेक लोकांची पत्रं सांभाळणाऱ्यांनी ८ किंवा १० ठेवावा. म्हणजे सल्ला वर जाण्याचा आहे आणि आपल्याकडे जो तो खाली येतो.

याचं कारण मला कळतं. आलेली जाहिरात डोळ्यांना दिसते, रोज चीड आणते. न आलेलं पत्र दिसतच नाही. त्याची तक्रार करायला कुणीतरी कराडहून फोन करावा लागतो, आणि सगळेच काही फोन करत नाहीत. नाकारलं असेल असं समजून गप्प बसणारे लेखक मी पाहिले आहेत.

मग जाहिरातींचं करायचं काय? चाळणीला शिकवायचं. या प्रोग्राममध्ये बेझच्या गणितावर चालणारा एक भाग आहे. त्याला भाषा कळत नाही. तो फक्त कोणते शब्द कोणत्या ढिगात किती वेळा आले ते मोजतो. पण किमान २०० स्पॅम आणि २०० खरी पत्रं दाखवल्याशिवाय तो तोंडच उघडत नाही. बरेच लोक नकोशी पत्रं उत्साहाने स्पॅमच्या फोल्डरमध्ये टाकतात, पण खऱ्या पत्रांचा ढीग त्याला कधी दाखवतच नाहीत. निम्मं शिक्षण तिथेच राहतं. मराठी कार्यालयात तर हा भाग फार उपयोगी पडतो. तिथला रोजचा पत्रव्यवहार मराठीत आणि नकोशा जाहिराती बहुतेक इंग्रजीत, त्यामुळे दोन ढीग पटकन वेगळे होतात. एकदा तो शिकला की नक्की स्पॅम वाटणाऱ्या पत्राला साडेतीन गुण देतो आणि नक्की खऱ्या वाटणाऱ्या पत्राचे जवळपास दोन गुण कमी करतो. मर्यादा न हलवता एवढा फरक पडतो.

एक कळकळीची विनंती. ज्या मासिकाचं बातमीपत्र आपणच कधीतरी मागवलं होतं, ते कंटाळा आला म्हणून स्पॅममध्ये टाकू नका, त्याची नोंदणी रद्द करा. नाहीतर 'कविता', 'अंक', 'वर्गणी' हेच शब्द चाळणीच्या काळ्या यादीत जाऊन बसतील.

आता परवानगीची यादी. आवृत्ती ४.० मध्ये तिचं इंग्रजी नाव बदललं, काम तेच राहिलं: यादीतल्या पत्त्यावरून आलेल्या पत्राचे १०० गुण वजा होतात. शंभर! त्यापुढे कुठल्याच नियमाचं काही चालत नाही. आणि साध्या यादीत तपासला जातो तो फक्त 'कडून' या जागी लिहिलेला पत्ता, जो कुणीही खोटा लिहू शकतो. त्या कार्यालयात यादीत जीमेलचं अख्खं डोमेन होतं आणि खाली संस्थेचं स्वतःचं डोमेनही. दुसरी नोंद जास्त घातक, कारण फसवणाऱ्याची आवडती युक्तीच ही असते की संपादकांच्याच नावाने हिशेबनिसाला पत्र धाडायचं, 'एवढे पैसे ताबडतोब पाठवा'. अशा पत्राला आपणच दार उघडून ठेवलेलं होतं. एसपीएफ किंवा डीकेआयएमने ओळख पटली तरच सवलत देणारी वेगळी यादी याच प्रोग्राममध्ये आहे. ती वापरा, आणि तीतही एकेक पत्ता लिहा.

नियम ताजे ठेवणं हेही याच कामाचा भाग. १ जानेवारी २०१० ची गोष्ट आठवते. फार पुढची तारीख टाकून येणारी पत्रं पकडण्यासाठी स्पॅमॲसॅसिनमध्ये एक नियम होता आणि त्याच्या लेखी २०१० पासूनची सगळी वर्षं दूरच्या भविष्यातली होती. नवं वर्ष उजाडलं आणि जगातलं प्रत्येक नवं पत्र त्या नियमात सापडू लागलं. मांडणीप्रमाणे दोन ते साडेतीन गुण फुकटचे चढत होते. शुभेच्छांची खरी पत्रं स्पॅममध्ये गेली. दुरुस्ती लगेच निघाली, पण ती मिळाली नियम अद्ययावत करणाऱ्यांनाच. म्हणून ते काम रोज आपोआप होतंय ना, हे एकदा स्वतः तपासून घ्या.

राहिला प्रश्न अडवलेल्या पत्रांचा. स्पॅमॲसॅसिन स्वतः एकही पत्र पुसत नाही, तो फक्त गुण देऊन शिक्का मारतो. पुसायचं की वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचं, हे आपण सर्व्हरला सांगतो. सीपॅनेलमध्ये आपोआप पुसण्याचं बटण आहे, ते बंदच ठेवावं असं माझं ठाम मत आहे.

त्या कार्यालयात आम्ही मर्यादा परत ५ वर नेली, यादीतली दोन्ही डोमेनं काढली, दोन वर्षांच्या जुन्या पत्रांतून खरी पत्रं निवडून चाळणीला दाखवली. तिथल्या ताई आता दर सोमवारी सकाळी चहा घेता घेता स्पॅमचं फोल्डर वरून खालपर्यंत चाळतात, दहा मिनिटं लागतात. गुरुजींना फोन करून कथा पुन्हा मागवली. या वेळी त्यांनी विषयाच्या ओळीत कथेचं नाव लिहिलं आणि खाली चार ओळींचं पत्रही.

पुढच्या आठवड्यात पत्राला जोडून येणाऱ्या फाइलींबद्दल.