फोटो नऊशे, ठेवणीतले बारा

सुट्ट्या संपून शाळा-कॉलेजे सुरू झाली की पूर्वी फोटो स्टुडिओच्या काउंटरवर गर्दी होत असे. कुणी महाबळेश्वर, पन्हाळा करून आलेला, कुणी गोव्याहून, कुणी अजमेरहून. खिशातून रोल काढायचा, धुवायला टाकायचा, पावती घ्यायची आणि चार दिवसांनी पाकीट आणायला यायचे. आज तेच लोक पूर्वीच्या दसपट-वीसपट फोटो काढतात आणि काउंटर मात्र ओस पडलेले असते. माल वाढला आणि धंदा घटला, हे गणित व्यापारी माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

आम्ही कापडवाले. फोटोग्राफीतले बारकावे आमच्या कामाचे नाहीत. पण माल किती आला, किती उठला आणि किती पडून राहिला, एवढे विचारायला त्या धंद्यातला उस्ताद असावे लागत नाही. म्हणून आम्ही विश्रामबागेतल्या फोटोग्राफर मंडळींना एकच प्रश्न विचारला. गिऱ्हाइकाचे राहू द्या, तुम्ही स्वतः बायकापोरांना घेऊन सुट्टीवर जाता तेव्हा किती फोटो काढता, आणि त्यातले ठेवण्यालायक किती निघतात?

प्रश्नासाठी विश्रामबाग निवडण्याचे कारण सरळ आहे. सांगली आणि मिरज यांच्या मधोमध हा भाग. १९१९ चे विलिंग्डन कॉलेज इथे, १९४७ चे वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज इथे. ओळखपत्राचा फोटो, फॉर्मचा फोटो, गॅदरिंगचा फोटो, निरोपाचा ग्रुप फोटो यांवर इथल्या स्टुडिओंच्या चुली पेटल्या. शंभर फुटी रस्त्याने निघालात तर या धंद्याच्या सगळ्या पिढ्या एका फेरीत भेटतात.

पहिले भेटले ते पस्तीस वर्षे कॅमेरा हाताळलेले एक जुने फोटोग्राफर. म्हणाले, "शेठ, मागच्या मे महिन्यात चार दिवस कोकणात गेलो होतो. नऊशे फोटो निघाले. रात्री मुक्कामावरच निम्मे पुसले. घरी येऊन चाळीस ठेवले. आता विचाराल तर त्यातले बारा."

मग आम्ही मुद्दाम मागचा हिशोब विचारला. रोलच्या काळात त्याच कोकणात किती काढत होता? दोन रोल, म्हणजे बहात्तर. त्यातले अल्बममध्ये किती लागत? ते थोडे थांबले आणि हसले. "दहा-बाराच."

हाच या चौकशीचा सगळ्यात मोठा निष्कर्ष. बहात्तर काढले तेव्हाही बारा, नऊशे काढले तेव्हाही बारा. पूर्वी सहा फोटोंमागे एक चांगला पडत होता, आता पंचाहत्तरांमागे एक पडतो. कारागीर तोच, नजर तीच, कॅमेरा उलट पहिल्यापेक्षा हुशार. मग वाढले काय? वाढली ती फक्त छाटणी.

रोलचा जमाना आठवणाऱ्यांना हे चटकन पटेल. आग्फा क्लिक थ्री नावाचा कॅमेरा बडोद्याला बनत असे आणि कित्येक मध्यमवर्गीय घरांत तोच पहिला कॅमेरा होता. त्याच्या एका रोलवर फोटो निघत बरोबर बारा. पुढे पस्तीस मिलिमीटरचे छत्तीस फोटोंचे रोल आले, हॉट शॉटसारखे सोपे कॅमेरे आले. रोल भरताना पट्टी जपून ओढली तर छत्तीसऐवजी सदतीस-अडतीस फोटो मिळत, आणि तो वरचा फोटो मिळवणाऱ्याचा घरात रुबाब असे. १९९५ च्या सुमारास रंगीत रोल शंभर रुपयांच्या आसपास, वर धुलाई आणि प्रिंटचे पैसे. एक फोटो सहा-सात रुपयांना पडत होता, आणि तेवढ्या पैशात तीन कप चहा येत होता. साहजिकच बटण दाबण्याआधी माणूस विचार करी. आजी मध्ये आली का, ऊन पाठीमागे आहे का, धाकट्याचे डोळे उघडे आहेत का. छाटणी आधी होत होती, डोक्यात होत होती आणि फुकट होत होती. आता फोटो फुकट झाला आणि छाटणी महाग झाली.

महाग म्हणजे किती, तेही मोजू. नऊशे फोटो, प्रत्येकावर दहा सेकंद नजर टाकली तरी दीडशे मिनिटे होतात, म्हणजे अडीच तास. ही झाली पहिली चाळणी. दुसरी आणि तिसरी धरली तर एक पूर्ण दिवस गेला. हा दिवस कुणाकडेच नसतो, म्हणून नऊशेचे नऊशे फोनमध्ये पडून राहतात. आमच्या भाषेत हा डेड स्टॉक. गोडाऊन भरलेले, विक्री शून्य.

आणि गोडाऊनचे भाडेही सुरू झाले आहे. गूगलने पूर्वी फोटो साठवण्याला मर्यादा ठेवली नव्हती. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली आणि पंधरा जीबीच्या पुढे पैसे लागू लागले. त्या पंधरा जीबीतच मेल आणि बाकीचे कागदही धरले जातात. एक फोटो साडेतीन-चार एमबीचा धरला तर चारेक हजारांत जागा संपते. कोकणाच्या अशा चार-पाच सहली झाल्या की भाडेपट्टी सुरू!

मोठ्या उस्तादांचे काय, असे कुणी विचारील. अमेरिकेत अँसेल अॅडम्स नावाचे निसर्गाचे फोटो काढणारे फार मोठे कलावंत होऊन गेले. वर्षाकाठी बारा मोलाचे फोटो हाती लागले तर पीक चांगले आले असे समजावे, असे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. पीक हा शब्द सांगलीच्या हळद-द्राक्षवाल्यांना निराळा समजावून सांगायला नको. तो बाराचा आकडा आमच्या विश्रामबागेच्या बाराशी जुळला हा योगायोग म्हणा हवा तर.

पण जास्त फोटो काढणे हाच दोष, असे आमचे म्हणणे नाही. रॉबर्ट फ्रँक हे मूळचे स्वित्झर्लंडचे. १९५५ ते १९५७ या काळात त्यांनी मोटारीने अमेरिका पालथी घातली आणि सुमारे अठ्ठावीस हजार फोटो काढले. त्यांचे 'द अमेरिकन्स' हे पुस्तक १९५८ साली पॅरिसमध्ये निघाले, त्यात फोटो आहेत फक्त ८३. हिशोब केला तर सव्वातीनशेच्या वर फोटोंमागे एक. पण त्यांनी हजारेक प्रिंट काढून घेतले, घराच्या भिंतीवर डकवले, मांडले, काढले, पुन्हा मांडले. प्रवासापाठोपाठ छाटणीचे कष्टही त्यांनी तितक्याच निष्ठेने उपसले.

उलट गॅरी विनोग्रँड. तेही अमेरिकेचेच, तेही नामवंत. १९८४ साली वारले तेव्हा त्यांच्या मागे अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले निघाले. फोटो काढले, पण पाहिलेसुद्धा नाहीत. रोल छत्तीसचा धरा आणि गुणाकार करा, नव्वद हजार होतात. आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात एक छोटा विनोग्रँड बसलेला आहे.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, म्हणून इथे मिर्झा गालिब आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचा उर्दू दीवान हातात घेतला तर पातळ लागतो. लिहिलेल्या शेरांपैकी निम्म्याहून कमी त्यांनी दीवानात ठेवले, बाकी स्वतःच्या हाताने बाजूला सारले. टाकलेला माल पुढे १९२१ मध्ये भोपाळहून 'नुस्खा-ए-हमीदिया' म्हणून छापला गेला आणि अभ्यासकांनी तो आवडीने वाचला. पण जगाच्या तोंडी राहिले ते बहुतेक गालिबने निवडलेलेच. उर्दूत याला इंतिखाब म्हणतात. कापडाच्या पेढीवर आम्ही त्यालाच छाटणी म्हणतो. शब्द निराळे, काम एकच.

आता धंद्याकडे वळू. या शंभर फुटी रस्त्यावर पिवळी पाटी कोडॅकची, हिरवी फुजीची, निळी कोनिकाची, अशा पाट्या एकेकाळी झळकत होत्या. कोनिकाने २००६ साली कॅमेरे आणि फिल्मचा धंदा सोडायचा निर्णय जाहीर केला. कोडॅकने १९ जानेवारी २०१२ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. गंमत अशी की डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ साली याच कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने बनवला होता. माल स्वतःच्या कारखान्यात निघाला आणि त्यानेच पेढी बसवली.

दुसरे भेटले ते तिशीतले, लग्नाच्या ऑर्डरी घेणारे एक तरुण फोटोग्राफर. ते सुट्टीवर मोठा कॅमेरा नेतच नाहीत, फोनवर तीनेकशे काढतात, वीस ठेवतात. त्यांची खरी तक्रार निराळी होती. "चाचा, लग्नाचे तीन-चार हजार फोटो होतात. गिऱ्हाइकाला म्हणतो, अल्बमसाठी तीनशे निवडून द्या. सहा-सहा महिने निवडत नाहीत. सिलेक्शन अडकले की अल्बम अडकला, आणि अल्बम अडकला की बाकी अडकली." काढण्याची मजुरी आधीच खर्ची पडलेली, आणि उरलेली रक्कम गिऱ्हाइकाच्या आळसात बंद. कारागीर बंधूंनी हे लक्षात घ्यावे. तीस दिवसांत निवड करून न दिल्यास फोटोग्राफरची निवड कायम धरली जाईल आणि बाकी देय होईल, एवढी एक ओळ ऑर्डरच्या पावतीवर छापून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी माप लिहून घेतोच ना?

ठेवणीतले म्हणजे काय, याची एक कसोटी सांगलीला महापुराने दिली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. गावभाग, मारुती चौक पाण्यात. त्या मानाने उंचावरच्या विश्रामबागेत कित्येक कुटुंबे नातेवाइकांकडे आली. पाणी ओसरल्यावर ट्रंका उघडल्या तर अल्बमचे पान पानाला चिकटलेले. सहलीच्या रोलच्या निगेटिव्ह बहुधा त्याच अल्बमच्या मागच्या कप्प्यात ठेवलेल्या असत, तेव्हा त्याही गेल्या. जुने फोटोग्राफर सांगत होते की त्या महिन्यात त्यांच्याकडे जे लोक आले त्यांतल्या ज्यांनी कधीकाळी दुसरी कॉपी काढून बहिणीला, मावशीला पाठवली होती, तेवढ्यांचेच फोटो परत मिळाले. बहिणीकडची कॉपी आणायची, तिच्यावरून नवी काढायची. लोकांनी काय आणले? देखाव्यांचे फोटो कुणी आणले नाहीत. महाबळेश्वरच्या पॉइंटवर उभे असलेले वडील, पन्हाळ्याच्या तटावर बसलेली आई, आणि असेच काही. डोळे मिटलेले असले तरी चालत होते.

पुराच्या गावात राहणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून ठेवावी. लॅबमधून निघालेले जुने फोटो भिजले आणि तसेच चिकटून वाळले तर पुढे सुटत नाहीत. ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवावेत, सावकाश एकेक सुटे करावेत, चित्राच्या बाजूला बोट लावू नये आणि सावलीत, चित्र वर करून वाळवावेत. आपल्या समाजात कित्येक घरांत भिंतीवर फोटो लावत नाहीत, अल्बम कपाटाच्या तळाशीच असतो. पाणी आधी तळाशीच पोचते. अल्बम वरच्या फळीवर हलवायला पैसे लागत नाहीत.

यातून त्या तरुण फोटोग्राफरने एक काम सुरू केले आहे, ते आम्हाला धंद्याच्या दृष्टीने मोलाचे वाटते. गिऱ्हाइकाने सुट्टीचे फोटो फोनमध्ये आणायचे, तासभर शेजारी बसायचे, दोघांनी मिळून चाळीस निवडायचे. रंग थोडे सुधारून त्यांचे प्रिंट, छोटा अल्बम, आणि एक जादा संच नातेवाइकाकडे ठेवायला. पैसे छाटणीचे वेगळे, प्रिंटचे वेगळे. पहिल्यांदा लोक विचारतात, नुसते बघायचे पैसे? मग दहा मिनिटांत त्यांनाच कळते की एकाच धबधब्याचे साठ फोटो आहेत आणि आपल्याला त्यातला एकही टाकवत नाही. परका माणूस टाकू शकतो, त्याला तो धबधबा आवडलेला नसतो.

घरातल्या बाईमाणसांचे फोटो परक्या पुरुषाला दाखवायला पुष्कळ घरे तयार नसतात, आणि ते रास्तच आहे. म्हणून हे काम मुलींनी शिकावे असे आमचे स्पष्ट मत आहे. एक संगणक, एक छोटा प्रिंटर आणि चांगली नजर, एवढ्या भांडवलावर घरबसल्या होईल. त्या फोटोग्राफरची बहीण सध्या हेच करते, आणि बायकांची गिऱ्हाइकी तिच्याकडेच येते.

तिला आम्ही तोच प्रश्न विचारला, की लोक शेवटी किती ठेवतात. ती म्हणाली की चाळीस निवडताना कुणी फारसा वाद घालत नाही. प्रिंटचे पैसे देतात, दोन्ही संच घेतात. पण उरलेले साडेआठशे पुसू का, असे विचारले की एकजणही हो म्हणत नाही. ते फोनमध्ये तसेच ठेवून घरी नेतात.