सहरीनंतरचा मास्क

रमजानमध्ये आमच्या घरी सगळ्यात आधी उठतात त्या भाभी. पहाटे साडेचारला चुलीवर चहा चढवायचा आणि मग एकेकाला सहरीसाठी उठवायचं. गेल्या वर्षी रमजान सुरू व्हायच्या महिनाभर आधी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या भाईजानचं घोरणं मध्येच थांबतं. श्वासही थांबतो. मी आकडे मोजत बसते. मग एकदम आचका देऊन श्वास येतो."

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असा आपला सगळ्यांचाच समज. भाईजान मिरज-सांगली रस्त्यावर मालाचा टेम्पो चालवतात. सिग्नलला उभं असताना त्यांचा डोळा लागला होता, हे आम्हाला नंतर क्लीनरकडून कळलं.

डॉक्टरांनी रात्रभराची झोपेची तपासणी करून घेतली. तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडत होता. पाचपेक्षा कमी असेल तर ठीक मानतात, ३० च्या वर गेला की आजार तीव्र. स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला पुन्हा पुन्हा अर्धवट जागं करतो. यावरचा उपाय म्हणजे सीपॅप. मास्कमधून हवेचा हलका दाब द्यायचा, म्हणजे वाट उघडी राहते. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. डॉक्टरांनी यंत्राचा प्रकार आणि दाब लिहून दिला. ते कुणाकडून घ्यायचं, हे मात्र चिठ्ठीत नव्हतं.

तिथेच मी चुकलो. कॉलेजात मुलांना शिकवणारा माणूस मी, पण फ्रीज घेताना करतो तेच केलं. पाच-सहा ठिकाणी फोन लावले आणि ज्यानं सगळ्यात जास्त सूट दिली, त्याच्याकडे पैसे भरले. चार दिवसांनी पुण्याहून कुरियरनं खोकं आलं. आत यंत्र, नळी आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. "व्हिडिओ पाठवलाय, बघून लावा," एवढंच शिक्षण.

भाईजानना दाढी आहे. मोठ्या मास्कची कडा दाढीवर बसत नाही, फटीतून हवा डोळ्यांवर जाते. (दाढी काही आमच्यातच असते असं नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं हल्ली दाढी राखून आहेत.) फोनवर विकणाऱ्यानं हे विचारलंच नव्हतं. आम्ही तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, "पट्टे आवळा." पट्टे आवळले तर नाकाच्या दांड्यावर जखम झाली. नवव्या रात्री यंत्र कपाटात गेलं. मास्क बदलून मिळेना, कारण "उघडलेला मास्क परत घेत नाही". ते ठीक, पण तो निवडताना माप कुणी घेतलं होतं?

शेजारच्या गल्लीत निवृत्त पोस्टमास्तर काका राहतात. ते सहा वर्षं सीपॅप लावतात. त्यांनी आपला सांगलीतला पुरवठादार दिला. तो माणूस स्वतः घरी आला, तीन प्रकारचे मास्क घेऊन. त्यानं भाईजानना आडवं करून, यंत्र चालू ठेवून, कुशीवर वळायला लावलं. हवा गळते का हे आडवं झाल्यावरच कळतं, बसून नाही. शेवटी नाकपुड्यांत टेकणारी छोटी उशी बसली. दाढीचा प्रश्न मिटला. तोंड उघडं राहत असेल तर मात्र ही उशी पुरत नाही, हेही त्यानं आधीच सांगितलं. आठवडाभर भाड्यानं वापरून बघा, मग विकत घ्या, म्हणाला. यंत्र आमच्याकडे होतंच, मास्क तेवढा घेतला.

त्याच्या भिंतीवर विक्रीचा परवाना लावलेला होता. वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्याकडे औषध परवाना किंवा उपकरण विक्रीची नोंदणी लागते, तेव्हा ती मागून बघायला संकोच कशाला? बिलावर यंत्राचा अनुक्रमांक हवा. जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर तो अनुक्रमांक दुप्पट महत्त्वाचा. आतला आवाज शोषणारा फोम झिजत असल्यामुळे फिलिप्सनं जून २०२१ मध्ये जगभरातून लाखो यंत्रं परत बोलावली होती. २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनलेली अनेक मॉडेल्स त्यात आहेत. गाळण्या आणि मास्कच्या गाद्या कुठे मिळतील, वीज गेली तर कोणता इन्व्हर्टर चालेल, यंत्र बिघडलं तर दुरुस्तीपर्यंत दुसरं देणार का, हे पैसे देण्याआधी विचारायचं. बऱ्याच मेडिक्लेममध्ये या यंत्राचा खर्च मिळत नाही, तेही आधी पॉलिसीत वाचावं.

खरी गंमत रमजानच्या दहाव्या दिवशी झाली. भाईजान रोज मास्क लावून झोपत होते, तरी दुपारी पेंगत होते. आम्ही रोज्यावर ढकललं. पुरवठादारानं यंत्रातल्या कार्डावरची नोंद उघडली आणि बोट ठेवलं. रोज साडेचारला आलेख संपत होता. तरावीहची नमाज आटोपून अकराला झोपायचं, सहरीला मास्क काढायचा, आणि फज्रच्या नमाजनंतर आठपर्यंतची झोप बिनमास्कची. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, पहाटेच्या झोपेत स्वप्नांचा टप्पा जास्त असतो आणि श्वास सहसा त्याच टप्प्यात जास्त अडतो. म्हणजे नेमका धोक्याचा तुकडा आम्ही उघडा सोडत होतो.

जोहरनंतरच्या डुलकीलाही मास्क हवाच. भाईजानचा प्रश्न असा, की यंत्रातल्या पाण्याची वाफ नाकात गेली तर रोज्याचं काय? पुरवठादारानं फतवा दिला नाही. हवा दमट करणारा भाग बंद ठेवूनही यंत्र चालतं, एवढं त्यानं दाखवून दिलं आणि म्हणाला, "पुढचं मौलानांना विचारा, आणि नाक कोरडं पडलं तर डॉक्टरांना."

यंदा चाँद दिसायच्या आठ दिवस आधीच त्याचा फोन आला. मास्कची गादी बदलायला झाली आहे, सहरीच्या वेळा काय आहेत? आता पहाटे भाभी दोनदा हाक मारतात. एकदा सहरीला, आणि फज्रनंतर पुन्हा, "मास्क!"