चकाकी नको, सपाटी हवी

संगणकाच्या प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक घरी घासून त्यात चेहरा दिसेपर्यंत चकचकीत करण्याची हौस जुनी आहे. बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तिथे प्रोसेसरचे दोन अंश वाचवावेसे वाटणं रास्तच, पण ते चकाकीने वाचत नाहीत. तांब्याची उष्णतावाहकता (वॉट प्रति मीटर-केल्विनमध्ये) ४००च्या आसपास, हवेची ०.०२६, आणि प्रोसेसर व हीटसिंकमधल्या फटीत हवेऐवजी भरतात त्या चांगल्या पेस्टची ५ धरू. चार चौरस सेंटिमीटरांतून १०० वॉट बाहेर काढायचे असतील आणि मध्ये ५० मायक्रॉनचा खोलगटपणा पेस्टने भरला असेल, तर तेवढ्यानेच तापमान अडीच अंशांनी चढतं. बारीक पॉलिश पेपरचे ओरखडे दोन मायक्रॉनचे धरले, तर हाच हिशेब एका अंशाच्या दहाव्या भागावर येतो. म्हणजे सारा खेळ सपाटीचा.

पण सपाट म्हणजे किती सपाट, आणि ते ठरवायचं कशाने? दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की ते जुळतात, सपाट होतातच असं नाही. वर्षानुवर्षं वाटून पाटा खोलगट होतो आणि वरवंटा त्याच खोलात नेमका बसतो. यावरचा तोडगा मला फार सुंदर वाटतो: तीन पाट घ्या आणि आळीपाळीने प्रत्येकाला उरलेल्या दोघांशी जुळवा. तिघेही कसेही फिरवून एकमेकांशी जुळले, तर सपाट असण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोत यावर निबंध वाचला. व्हिटवर्थ ज्याच्या कारखान्यात घडला त्या हेन्री मॉडस्लेचं नाव मात्र मागे पडलं. घासण्यापेक्षा खरवडणं बरं, हा व्हिटवर्थचा आग्रह होता, कारण घासायची पूड सगळीकडे सारखी पसरत नाही. आपल्याला तीन पाटांची गरज नाही. वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवलेली जाड काच तेच काम करते.

पॉलिशनंतर तापमान उतरलेलं अनेकांनी मोजलं आहे, हे खरं. मात्र ते उतरतं काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पेपरने, कारण उंचवटे तोच काढतो. पुढच्या २०००च्या फेऱ्यांत हातच दुखतो, आणि हात डुगडुगला तर कडा झिजून तळ फुगीर होतो. काही कंपन्या तळ मुद्दाम किंचित फुगीर ठेवतात, स्क्रू आवळल्यावर दाब मधोमध पडावा म्हणून. असा तळ घासणं म्हणजे नुकसानच. तळाशी उघड्या असलेल्या हीटपाइपची भिंतही पातळ असते, तीही घासण्याजोगी नाही. म्हणून आधी स्टीलची पट्टी उभी धरून फटीतून उजेड दिसतो का ते पाहावं. मधोमध दिसला, तरच पेपर आणावा.