पट्ट्या पाच की सहा?

दोस्तांनो, घरात औषधाचा ड्रॉपर आहे का? लहान भावंडाच्या तापाच्या औषधाबरोबर येतो ना, तो! त्यात १ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी घ्या आणि एकेक थेंब बशीत सोडत मोजा. साधारण वीस थेंब भरतील. दोन-चार इकडेतिकडे झाले तरी चालेल. आता त्यातल्या एकाच थेंबाचे पन्नास सारखे भाग करा आणि एक भाग उचलून दुसऱ्या बशीत ठेवा बरं!

नाही ना जमत? जीवरसायनशास्त्र किंवा रेण्वीय जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या ताई-दादांना हेच जमवावं लागतं. थेंबाचा तो पन्नासावा भाग म्हणजे एक मायक्रोलिटर, आणि तो उचलायचं साधन म्हणजे मायक्रोपिपेट. दिसायला जाडजूड पेनासारखं. वर अंगठ्याने दाबायचं बटण, खाली प्लॅस्टिकची टिप. काम झालं की टिप फेकायची, नवी लावायची.

पूर्वी काचेची नळी तोंडात धरून, उसाचा रस ओढावा तसं द्रावण ओढत असत. चुकून घशात गेलं तर? जर्मनीत मारबुर्ग इथे काम करणाऱ्या हाइनरिख श्निटगर यांनी १९५७ साली ही तोंडाची कसरत थांबवली आणि स्प्रिंगवर चालणारा दट्ट्या बनवला. आजच्या मायक्रोपिपेटचा तो पूर्वज.

सगळी गोम त्या बटणात आहे, बरं का! ते दोन टप्प्यांत दाबलं जातं. द्रव ओढताना पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचं, टिप द्रवात बुडवायची आणि अंगठा हळूहळू सोडायचा. दुसरा टप्पा फक्त द्रव बाहेर टाकताना, उरलासुरला अंश ढकलण्यासाठी. नवशिके ओढतानाच बटण तळापर्यंत दाबतात. मग जास्त द्रव येतो आणि डोळ्यांना ते कळतही नाही. म्हणून आमच्या पहिल्या प्रॅक्टिकलला रसायन नाहीच, नुसतं पाणी! १०० मायक्रोलिटर पाणी ओढून तराजूवर सोडायचं. वजन १०० मिलिग्रॅम भरायला हवं. माझं भरलं १३१. मग ८८. हसू नका! दोन तास अंगठा दुखेपर्यंत पाणीच तोललं, तेव्हा कुठे आकडा शंभराच्या आसपास रेंगाळू लागला.

काही आठवड्यांनी खरा प्रयोग आला. लॅम्डा नावाचा एक विषाणू जिवाणूंवर हल्ला करतो. त्याचा डीएनए म्हणजे ४८,५०२ जोड्यांची लांबलचक दोरी. 'इको-आर-वन' नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, ही दोरी ठरावीक पाच जागी कापतं. पाच जागी कात्री लागली, तर तुकडे किती? बरोबर, सहा!

हे तुकडे बघायचे कसे? चायना ग्राससारखंच समुद्री शेवाळापासून मिळणारं ॲगरोज गरम द्रावणात विरघळवायचं आणि साच्यात ओतून त्याची वडी थापायची. ओतताना एक फणी उभी ठेवली की तिच्या दातांच्या जागी खाचा उरतात. त्या खाचांत निळा रंग मिसळलेला डीएनए सोडायचा. इथे भल्याभल्यांचे हात थरथरतात. कोपर टेबलावर टेकवायचं, दुसऱ्या हाताने आधार द्यायचा. टिप तळाला टोचली, तर सगळा माल खालून पसार! मग वीज सुरू करायची. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे धावतो. शेजारच्या टेबलावर तारा उलट्या जोडल्या गेल्या आणि त्यांची निळी रेघ मागच्या मागे वडीबाहेर निघून गेली. जत्रेच्या गर्दीतून लहान पोर सुळकन पुढे जातं आणि जाडजूड काका मागे अडकतात ना? तसेच छोटे तुकडे पुढे आणि मोठे मागे.

तासाभराने रंग चढवलेली वडी अतिनील दिव्यावर ठेवली. अंधारात नारिंगी पट्ट्या चमकल्या! मी मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या. पाचच. पोटात गोळा आला. पुस्तकात सहा, मैत्रिणींच्या जर्नलमध्ये सहा आणि दुसऱ्या दिवशी जर्नल तपासायला द्यायचं होतं. (आईबाबांनो, तुमच्या वेळी जर्नल कशी 'पूर्ण' व्हायची, ते तुम्हीच मुलांना सांगा!) मी पेन्सिलीने सहावी रेघ हळूच काढली.

"सहावी कुठे दिसली गं तुला?" मागून मॅडमचा आवाज.

"पुस्तकात, मॅडम."

"ते पुस्तक लिहिणाऱ्याचं झालं. तुझ्या जर्नलमध्ये तुला दिसलं ते लिही. आणि आता नीट बघ. शेजारच्या पट्ट्यांपेक्षा ठळक कोणती आहे?"

पाहिलं. वरून तिसरी चांगलीच ठळक होती. मॅडमनी तुकड्यांची यादी पुढे सरकवली : २१,२२६, ७,४२१, ५,८०४, ५,६४३, ४,८७८ आणि ३,५३०. तिसऱ्या आणि चौथ्यात फरक अवघा १६१ जोड्यांचा! ते दोघं खांद्याला खांदा लावून धावले होते आणि मला एकच पट्टी दिसली होती. मैत्रिणींनाही पाचच दिसल्या होत्या, हे त्यांनी मग कँटीनमध्ये कबूल केलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला लांब वडी थापू दिली. दाब कमी ठेवून तिच्यातून संध्याकाळपर्यंत वीज सोडली. दिव्याखाली धरली, तर तिसऱ्या पट्टीच्या मधोमध केसाएवढी फट पडलेली! मी धावत जाऊन मॅडमना बोलावलं. मग जर्नलच्या नव्या पानावर सहा रेघा काढल्या.

आधीचं पान अजून माझ्याकडे आहे. त्यावर पाच रेघा आहेत आणि सहावीच्या जागी खोडरबराचा डाग.